गोष्ट तिची, पान फोटोवाल्याचं

लग्नसराई सुरू झाली की आमच्या गावातल्या बायका दुपारी दोन ते चार काय करतात, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, फोटोवाल्यांची पानं बघतात. जेवणं उरकलेली असतात, भांडी पालथी घातलेली असतात, मुलं शाळेत. मग मोबाइलवर बोट सरकत राहतं. कुणाची हळद, कुणाची मेंदी, कुणाच्या पाठवणीला कोण किती रडलं. (पाठवणीला आता ‘बिदाई’ म्हणायचं असतं म्हणे!) आमचं गाव तालुक्याचं. फोटो स्टुडिओ पाच-सहा. पण प्रत्येकाचं इन्स्टाग्रामवर पान आहे आणि प्रत्येक पानावर हल्ली एक खास प्रकार असतो, ‘लव्ह स्टोरी’.

म्हणजे तीन-चार मिनिटांची फिल्म. आधी ड्रोननं वरून दाखवलेला मेणवलीचा घाट. मग पायऱ्यांवरून भल्या मोठ्या घेराचा गाउन सावरत येणारी मुलगी. मागून येऊन तिचे डोळे झाकणारा मुलगा. आणि या सगळ्यावर तिचा आवाज, ‘आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा...’ शेवटी दोघांची नावं, लग्नाची तारीख आणि त्याखाली ठळक अक्षरांत स्टुडिओचं नाव नि फोन नंबर.

मीही बघते. आवडीनं बघते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, आली एक नाकं मुरडणारी!

माझं लग्न २००३ सालचं. तेव्हा कॅमेऱ्यात रोल असायचा, एका रोलमध्ये छत्तीस फोटो. त्यामुळे फोटोग्राफर हात राखून बटण दाबायचा. त्या छत्तिसात आमच्या एका आत्याबाईंचा नंबर लागला नाही, त्याबद्दल त्या अजून बोलतात. व्हिडिओ शूटिंगची कॅसेट होती तीन तासांची. तिच्यात गुलाबाच्या फुलातून माझा चेहरा बाहेर येतो आणि मागे सिनेमाचं गाणं वाजतं. तीन तासांत मी एकही शब्द बोललेली नाही. मान खाली, मान वर, हार घाला, पुन्हा एकदा घाला, एवढंच.

पण त्या कॅसेटची नि अल्बमची एक गंमत होती. ती वस्तू आमच्या कपाटात असायची. डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. पाहुणे आले, चहा झाला की कुणीतरी म्हणायचं, ‘अगं, लग्नाचा अल्बम काढ की.’ मग तो काढला जायचा. नको असेल तेव्हा ‘तो ना, धाकट्या जाऊबाईंकडे गेलाय’ म्हणायची सोय होती. कुणाला दाखवायचं, कधी दाखवायचं, कुठलं पान चटकन उलटायचं, हे सगळं घरातल्या बाईच्या हातात होतं.

फोटोवाल्याची जाहिरात तेव्हाही होतीच. स्टुडिओच्या काचेत एखाद्या जोडप्याचा मोठा फोटो फ्रेम करून लावलेला असायचा. आपला फोटो काचेत लागला याचं केवढं अप्रूप! पण तो फोटो त्या काचेतच राहायचा. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितला तर बघितला. आणि पुढे त्या लग्नात काही बिनसलं, तर मुलीचे वडील एक दिवस गुपचूप दुकानात जायचे, दुसऱ्या दिवशी काचेत दुसरंच जोडपं दिसायचं. गावात कुणी चौकशीही करायचं नाही. फोटोवालाही गावातलाच, त्यालाही मुलीबाळी होत्या.

मग रोल गेले, सीडी आली, जाड पानांचे करिझ्मा अल्बम आले. आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हे सगळं इतकं झपाट्यानं बदललं की आपल्याला विचार करायला सवडच मिळाली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांचं इटलीत लग्न झालं, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं, तेही इटलीतच, लेक कोमोला. त्यानंतर आमच्या गावातल्या नवऱ्यासुद्धा फिक्या गुलाबी रंगाच्या शालूचं नाव काढायला लागल्या. आया म्हणाल्या, ‘अगं, लग्नात हिरवं-लाल नको का काही?’

या दोन लग्नांतली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट शालूची नाही. दीपिका-रणवीर यांच्या लग्नाची फिल्म लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, करण जोहरच्या कार्यक्रमात. म्हणजे लग्नानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. ज्यांचा धंदाच लोकांसमोर दिसण्याचा, त्यांनी आपली लग्नाची फिल्म पाच वर्षं कपाटात ठेवली आणि मनात आलं तेव्हा काढली. आणि आमच्याकडे? रुखवताच्या टोपल्या अजून सोडलेल्या नसतात, नवरीच्या हातातला चुडा तसाच असतो, आणि तिच्या लग्नाचा ‘टीझर’ तिच्याआधी तिच्या नणंदेच्या ऑफिसातल्या बायकांनी पाहिलेला असतो.

आता त्या ‘स्टोरी’बद्दल बोलूया. आमच्याकडे दहातली आठ-नऊ लग्नं ठरवूनच होतात. मुलगा येतो, पोहे होतात, मुलाची आत्या ‘स्वयंपाक येतो ना गं?’ विचारते, दोघांना गच्चीवर नाहीतर अंगणात पाठवतात, वीस मिनिटांनी हाक मारतात. मग पत्रिका, मग होकार, मग सुपारी फुटते. फोटोवाल्याच्या प्रश्नावलीत मात्र हे बसत नाही. तिच्यात विचारलेलं असतं, पहिली भेट कुठे झाली, प्रपोज कुणी केलं, पहिली भेटवस्तू कोणती. एका मुलीनं मला हसत हसत सांगितलं, ‘काकू, फिल्ममध्ये आम्ही ज्या कॅफेत पहिल्यांदा भेटतो ना, त्या कॅफेत आम्ही शूटिंगलाच पहिल्यांदा गेलो. आणि तिथली कॉफी त्यांना कडू लागली, तर दादा म्हणाले, तोंड वाकडं करू नका.’

तिची खरी गोष्ट काय होती, ते मी विचारलं. तर म्हणाली, बघायला आले तेव्हा ऐन वैशाख होता, मी काठपदराच्या साडीत घामानं भिजले होते. सगळे बोलत होते. हे मध्येच उठले आणि भिंतीवरच्या बटणानं पंखा वाढवला. परत जागेवर जाऊन बसले. कुणाला कळलंही नाही, पण मला कळलं. ही गोष्ट तिनं फोटोवाल्याला सांगितली होती बरं का. तो म्हणाला, ‘ताई, छान आहे, पण यात व्हिज्युअल काही नाही.’

मला तर ती अख्ख्या फिल्मपेक्षा आवडली. असो.

या फिल्मांमुळे आपल्या लग्नात पहिल्यांदाच नवरी बोलायला लागली, हेही मला तितकंच दिसतं. आमच्या कॅसेटमध्ये आम्ही मुक्या बाहुल्या. आता ती सांगते, मी याला का हो म्हटलं. यंदा मी एक फिल्म पाहिली. मुलगी बँकेत कारकून आहे, वडील नाहीत. ती सांगते की पहिल्या भेटीत मी यांना विचारलं, लग्नानंतर माझ्या पगारातले थोडे पैसे आईला दिलेले चालतील का? आणि हे म्हणाले, त्यात विचारायचं काय! एवढंच वाक्य. पण आमच्या बचत गटाच्या बैठकीत त्यावर दोन तास चर्चा झाली. हप्त्यांचे हिशोब बाजूला राहिले. ‘आमच्यावेळी असं विचारलं असतं तर पोह्यांची बशी टाकून उठले असते’ असं एक जण म्हणाली. दुसरी गप्पच होती. ती दर महिन्याला आईच्या औषधाचे पैसे नवऱ्याच्या नकळत पाठवते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून ‘बंद करा हे थेर’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार नाही. तशी रांग मोठी आहे. २०१९ साली भोपाळमध्ये काही समाजांच्या संघटनांनी प्री-वेडिंग शूटवर बंदी घातल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०२५ साली आपल्याकडे अहिल्यानगरमध्ये मराठा समाजाच्या बैठकीत लग्नाची आचारसंहिता ठरली, त्यातही प्री-वेडिंगवर बोट ठेवलं गेलं. खर्चाबद्दल ही मंडळी बोलतात ते अगदी खरं आहे. ड्रोन, भाड्याचे गाउन, दोन दिवसांची गाडी, जेवणं, या सगळ्याचं बिल शेवटी बहुतेक मुलीच्या बापाच्याच हातात पडतं. कर्ज काढून घाटावर फिल्म काढायची काही एक गरज नाही. पण या बैठकांमध्ये मुलींनी कसं दिसावं, कुठे दिसावं यावर बोलणारे बहुतेक वडीलधारे पुरुष. मुलीला विचारलं कुणी? फोटोवाल्यानंही विचारलं नाही आणि समाजाच्या अध्यक्षांनीही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. तिला विचारा. फिल्म काढायला विचारा, ती जगाला दाखवायला वेगळं विचारा, आणि पुढे कधी ती ‘काढून टाका’ म्हणाली तर काढून टाका.

हे मी हवेतून बोलत नाही. आठवड्यातून दोन दिवस मी महिलांच्या समुपदेशन केंद्रावर बसते. तिथं आलेल्या एका मुलीची हकीकत सांगते. नाव, गाव सांगत नाही. लग्न २०२२ सालचं, थाटामाटाचं. नऊ महिन्यांत ती माहेरी परत आली. मारहाण होती, आणखीही काही होतं. कोर्टात प्रकरण सुरू झालं. ती शिकलेली, घरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन उभी राहायला लागली होती. एक दिवस शिकवणीला आलेल्या मुलांनी मोबाइल पुढे केला, ‘मॅडम, ही तुम्हीच ना?’

तीच ‘लव्ह स्टोरी’. चाळीस हजारांवर लोकांनी पाहिलेली. तिचं नाव, त्याचं नाव, दोन्ही गावांची नावं. तिच्याच आवाजात, ‘यांच्यासोबत मला सगळ्यात सुरक्षित वाटतं.’ दर लग्नसराईच्या तोंडावर स्टुडिओवाला ती पुन्हा वर आणायचा, कारण त्याच्या सगळ्या कामांत ती उजवी झाली होती.

मुलीचे वडील त्याला भेटायला गेले. तो काही वाईट बोलला नाही. म्हणाला, ‘काका, तुमचं दुःख कळतं. पण त्या ड्रोन शॉटवर मला दहा ऑर्डरी मिळाल्या. थोडे दिवस थांबा, नवीन चांगलं काही झालं की काढतो.’ मग मी आणि केंद्रातली आणखी एक कार्यकर्ती, दोघी तिला घेऊन गेलो. तेव्हा त्यानं आमच्यासमोर ती काढून टाकली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. घरी येऊन बघतो तर तीच फिल्म मेकअपवालीच्या पानावर. मेंदीवालीच्या पानावर. शेरवानी भाड्यानं देणाऱ्याच्या, डेकोरेशनवाल्याच्या. मंगल कार्यालयाच्या पानावर तर पहिलीच. हे सगळे एकमेकांची कामं एकमेकांना पाठवतात, धंद्यात ते चालतंच. आम्ही एकेकाकडे गेलो. मेकअपवालीनं ऐकता ऐकताच काढली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, ‘आमचं ते पान पुण्याचा पुतण्या बघतो.’ पुतण्या फोन उचलेना. पंधरा दिवस गेले त्यात. आणि एक तुकडा, ती वळून हसते तेवढाच, कुठल्याशा गाण्यांच्या पानावर अजून आहे. ते पान कोण चालवतं ते आम्हाला सापडलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पावतीवर सही होती वडिलांची. ऑर्डर दिली वडिलांनी, आगाऊ रक्कम दिली वडिलांनी, फोटोवाला बोलायचा तो वडिलांशी. मुलीची सही कुठल्याच कागदावर नव्हती.

मग मी माझ्या ओळखीच्या वकीलबाईंना कायदा विचारला. त्यांनी सांगितलं ते ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग हसू आलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमात असं आहे की एखाद्यानं मोबदला देऊन फोटो किंवा फिल्म काढून घेतली, आणि वेगळा करार झालेला नसला, तर पहिला मालक काढून घेणारा असतो. काढणारा नव्हे. म्हणजे ‘फोटो आमचे, आम्ही काहीही करू’ असं स्टुडिओवाला म्हणत असेल, तर ते असं सरसकट खरं नाही. पण पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘फोटो जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओकडे राहील’ असं छापलेलं असलं आणि त्याखाली आपण सही ठोकलेली असली, तर झाला की वेगळा करार! ती मागची बाजू कोण वाचतं? आपण पुढच्या बाजूला ‘बाकी रक्कम’ किती ते बघतो.

आणि हसू कशाचं आलं, तर मालक ‘काढून घेणारा’. म्हणजे ज्यानं ऑर्डर दिली तो. बहुतेक वेळा मुलीचा बाप किंवा सासरा. मेंदीचे हात तिचे, डोळ्यांतलं पाणी तिचं, आवाज तिचा, आणि मालकीत तिचं नाव नाही! कन्यादानात फोटोही गेले म्हणायचे.

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ साली संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, तो टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहे. त्याचा गाभाच संमती हा आहे. पण तालुक्याच्या गावात कुणी मुलगी आपल्या लग्नाच्या फोटोसाठी कायद्याची पुस्तकं घेऊन भांडायला जाईल, असं मला वाटत नाही. आपल्याला हे भांडणापर्यंत जाण्याआधीच मिटवायला हवं.

तिच्याबरोबर फोटोत आलेल्या बाकीच्यांचं काय, हाही प्रश्न आहे. हळदीचा कार्यक्रम घ्या. आपल्याकडे हळद म्हणजे बायकांचं राज्य. पाणी उडवायचं, नाचायचं, दिरांची टर उडवायची. त्या ओल्या साड्यांतल्या करवल्या, मावश्या, शेजारणी, त्यांनी कुणी ‘मला दाखवा’ म्हटलेलं असतं का? तिथं कॅमेरा चालू असतो आणि दुसऱ्या दिवशी ‘हळदीची धमाल’ म्हणून सगळं गावभर. २०१८ साली केरळमधल्या वडकरा इथं लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओचं प्रकरण उघडकीस आलं. लग्नात काढलेल्या फोटोंमधल्या बायकांचे चेहरे उचलून अश्लील फोटोंना जोडल्याच्या आरोपावरून तिथल्या संकलन करणाऱ्याला आणि स्टुडिओच्या मालकांना अटक झाली. त्या बायका नुसत्या लग्नाला गेल्या होत्या, आहेर देऊन जेवून आल्या होत्या. अशी माणसं हजारांत एखादी असतील, मान्य. पण आपल्या लग्नाची हार्ड डिस्क कुणाच्या टेबलावर पडलेली असते, ती कधी पुसली जाते, हे आपण फोटोवाल्याला कधी विचारलंय का?

आणि ज्यांची गोष्ट खरोखरच प्रेमाची असते, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जातीबाहेर लग्न केलेलं जोडपं फोटोवाल्याला भेटलं की त्याला कोण आनंद! इतके दिवस कॅफेत खोटी कॉफी पाजून दमलेला असतो बिचारा. इथं सगळं आयतं. कॉलेजातली ओळख, घरच्यांचा विरोध, शेवटी होकार. तो ‘त्यांनी जगाशी लढून प्रेम जिंकलं’ असं लिहून मोकळा होतो. पण त्या मुलीच्या घरानं होकार दिला असला तरी भावकीनं दिलेला नसतो. धाकट्या बहिणीचं अजून जमायचं असतं. गावाकडच्या आजीला अजून सांगितलेलंच नसतं. विशेष विवाह कायदा १९५४ चा, त्यात लग्नाआधी तीस दिवस नोटीस लावायची अट आहे. तेवढ्या एका कागदाचाही अशा जोडप्यांना धाक वाटतो. केरळमध्ये २०२० साली या नोटिसा सरकारी संकेतस्थळावर टाकणं थांबवावं लागलं, कारण वेगवेगळ्या धर्मांतल्या जोडप्यांचे फोटो नि पत्ते तिथून उचलून लोक फिरवत होते. मग ज्यांनी नोटीससुद्धा जीव मुठीत धरून लावली, त्यांची गोष्ट तारखेसकट, गावासकट जगाला सांगायचा निर्णय त्यांचाच असायला हवा ना? त्यांना सांगायची असेल तर मी पहिली टाळ्या वाजवीन.

फोटोवाल्यांवर मी उगाच राग काढते आहे असं मात्र समजू नका. त्यांच्याही घरी चूल आहे. पूर्वी परीक्षेच्या अर्जांना पासपोर्ट साइज फोटो लागायचे, त्यावर दुकान चालायचं. आता मोबाइलनं ते काम नेलं. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर जे काही दिवस मिळतील त्यांत वर्षाचं कमवायचं, लाखांच्या कॅमेऱ्याचे हप्ते फेडायचे, मंडपात जेवणाच्या पंगतीला सगळ्यात शेवटी बसायचं. आमच्या शेजारचा मुलगा रात्री दोन-दोनपर्यंत संगणकावर लग्नं कापत-जोडत असतो. तो मला म्हणाला, ‘ताई, माझं दुकान आता चौकात नाही, मोबाइलमध्ये आहे. काचेत काही लावलंच नाही तर गिऱ्हाईक येणार कसं?’ पटतं मला ते.

याच मुलाची एक पद्धत आहे. ऑर्डर वडील देतात, पण तो नंतर मुलीला वेगळा फोन करतो. वडील, भाऊ शेजारी नसताना. काय दाखवलेलं चालेल, आडनाव टाकू का, गावाचं नाव टाकू का, सगळं विचारतो. टीझर आधी तिला पाठवतो. लग्नानंतर महिनाभर काही टाकत नाही. त्याच्यामुळे त्याचे लाइक कमी आहेत आणि त्याबद्दल तो माझ्याकडे कुरकुर करतो, तेही सांगते. पण मुलींच्या आया एकमेकींना त्याचंच नाव सुचवतात, हे मी बघते आहे.

आपल्याकडे लग्न ठरलं की याद्या होतात. मानपान कुणाचा, वऱ्हाड किती, शालू कुणी घ्यायचा, वाजंत्री कुणाकडे, हळदीच्या बांगड्यांपर्यंत सगळं कागदावर येतं आणि दोन्हीकडच्या मोठ्यांच्या सह्या होतात. त्यात एक ओळ घालायला काय हरकत आहे? फोटो आणि फिल्म मुलाच्या नि मुलीच्या लेखी होकाराशिवाय कुणी कुठे टाकायची नाही. हीच ओळ फोटोवाल्याच्या पावतीवर, नवरीच्या स्वतःच्या सहीनं. नावं नि गाव टाकायचं की नाही, हळदीतलं काय वगळायचं, मागाहून ‘काढा’ म्हटलं तर किती दिवसांत काढणार, मेकअपवालीला नि कार्यालयाला द्यायचं का, हेही तिथंच ठरवावं. काही स्टुडिओवाले म्हणतात, जाहिरातीला परवानगी दिलीत तर बिलात पाच हजार कमी करतो. सरळ व्यवहार आहे, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण ते पाच हजार वडिलांनी परस्पर वाचवू नयेत. चेहरा जिचा आहे, तिला ती घासाघीस करू द्या. कदाचित ती सात हजार कमी करून घेईल!

आमच्या बचत गटातल्या एकीच्या मुलीचं लग्न ठरलंय. गेल्या आठवड्यात याद्या झाल्या, त्यात ही ओळ घातली. मुलाचे मामा म्हणाले, ‘हे काय नवीन काढलंत?’ मुलाची आई मात्र म्हणाली, ‘राहू दे हो भाऊ, माझ्या थोरलीच्या वेळी सुचलं असतं तर बरं झालं असतं.’ तिनं पुढे काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मुलीनं सही केली, मुलानंही केली. मग निघाला दुसरा प्रश्न. मुलाकडचा फोटोवाला वेगळा आहे, सातारचा, त्याची पावती आधीच फाडून झालीये आणि ती मामांच्या नावावर आहे. तेव्हा आता मामांना घेऊन सातारला जायचं ठरलंय.